शटडाऊनला तारापूर-कैग्याला जाताय? मग सेफ्टीची तक्रार कशी करायची ते वाचून जा

आपल्याकडं आयटीआय झालेली पोरं कंत्राटदाराबरोबर कुठं कुठं शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामाला जातात, कधी साखर कारखाना, कधी रिफायनरी, आणि एखाद्याच्या वाट्याला तारापूर नाहीतर कैग्याचं अणुऊर्जा केंद्र येतं. विटा-पलूसकडच्या किंवा कराड-कोरेगावच्या एखाद्या फिटरनं, वेल्डरनं विचारलं की दादा, तिथं काय खटकलं तर सांगायचं कुणाला, तर नुसतं "सायबाला सांग" म्हणून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे घाबरू नका. रेडिएशन प्रोटेक्शनचे २००४ चे जे नियम आहेत त्यात कामगाराच्या जबाबदाऱ्या दिल्यात आणि त्यातच आहे की अपघात झाला किंवा धोक्याचं काही दिसलं की प्लांटला आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला, म्हणजे आरएसओला, कळवायचं. त्यामुळं मुकादम "लय शाणा झालास व्हय" म्हणाला तरी सांगणं हे तुमच्या कामातच बसतंय, चुगली नव्हे.

आता दार कुठलं ठोठवायचं. कुपवाड एमआयडीसीत काय झालं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, पण अणुऊर्जा केंद्रात तसं नाही. तिथं रेडिएशन तर आहेच, पण मचाण, क्रेन, करंट, बंद टाकीत उतरणं असली साधी सेफ्टीसुद्धा एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळच बघतं. हे मंडळ १९८३ सालचं, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला नियामक भवनात. म्हणजे मचाण हललं तर "हे काय रेडिएशनचं नाही" म्हणून गप बसू नका, शटडाऊनच्या गडबडीत पडायची भीती काय कमी नसती. फक्त पगार, ओव्हरटाइम, पीएफ त्याच अर्जात घुसडू नका राव! ते केंद्राच्या लेबर कमिशनरकडं आणि पीएफ ऑफिसला वेगळं द्यायचं. दोन्ही एकत्र केलं की समोरचा म्हणतो हा पैशाचा वाद आहे, आणि सेफ्टीचा मुद्दा तिथंच मरतो. माझ्या मते निम्म्या तक्रारी अशाच वाया जातात.

सुरुवात साइटवरच करा. आधी सुपरवायझर, मग हेल्थ फिजिक्सवाले (साइटवर रेडिएशन मोजणारे) किंवा आरएसओ, मग सेफ्टी कमिटीतला कामगारांचा माणूस. जिवावरचं असेल तर ही उतरंड बघत बसू नका, काम थांबवा आणि तिथल्या तिथं सांगा. पण तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुणाला आठवत नाही, म्हणून त्याच दिवशी कागदावर उतरवा. असं काहीतरी:

"दिनांक अमुक, दुपारी साडेतीनच्या सुमारास, अमुक बिल्डिंग, अमुक लेव्हल. मचाणाला हिरवा टॅग होता पण भिंतीच्या उलट्या बाजूला हँडरेल नव्हतं. सुपरवायझरला तोंडी सांगितलं, काम चालूच राहिलं. बरोबर तिघंजण होते. वर्क परमिट नंबर अमुक."

बस्स, एवढंच. "इथं सगळंच भोंगळ आहे" असलं लिहिलं तर कोण काय तपासणार? एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा. फोटोच्या भानगडीत मात्र पडू नका, आत मोबाईल चालत नाही आणि चोरून फोटो काढला तर तक्रार राहील बाजूला, तुमच्यावरच केस व्हायची.

डोसचं, म्हणजे अंगाला किती रेडिएशन लागलं त्याचं, जरा नीट समजून घ्या. कामगाराची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवरचा टीएलडी बॅज हा डोस मोजतो, तोच तुमचा पुरावा. "डोस भरला तर काम बंद होईल, बॅज बाहेर ठेवून जा" असं कुणी सांगितलं तर तीच मोठी तक्रार समजा, कारण तो डोस अंगात जातो पण कागदावर येत नाही, आणि पुढं दवाखान्यात दाखवायला हातात काहीच उरत नाही. काम संपवून निघताना आपल्या डोसचा रेकॉर्ड लेखी मागून घ्या, पुढच्या प्लांटला आधीच्या रेडिएशनच्या कामाची माहिती तुम्हालाच द्यावी लागते. अंगात काय गेलंय ते तपासायला लघवीचा नमुना मागतात, तो द्यायचा कंटाळा नको. २००९ ला कैग्यात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमवालं (किरणोत्सारी) जड पाणी मिसळलं होतं, ते उघड झालं ते असल्याच नेहमीच्या तपासणीतनं.

साइटवर कुणी दाद दिली नाही तर एईआरबीला लिहा, पोस्टानं रजिस्टर करून किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, आणि साइटवरच्या अर्जाची पोच जोडा. नाव घाला. निनावी अर्ज सरकारी ऑफिसात बहुतेक नुसता फाईलला लागतो. नाव फुटायची भीती असेल तर अर्जातच स्पष्ट लिहा की माझं नाव प्लांटला आणि कंत्राटदाराला कळवू नये. खोटे रेकॉर्ड किंवा लाच असला प्रकार असेल तर केंद्रीय दक्षता आयोगाकडं पीआयडीपीआयखाली, म्हणजे तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायच्या सोयीखाली, देता येतं, बंद पाकिटावर तेवढं "पीआयडीपीआय" लिहायचं, नाव-पत्ता आतल्या कागदावर, पाकिटावर अजिबात नाही.

पुढं काय होतं? मंडळ प्लांटकडनं खुलासा मागवतं, गरज वाटली तर इन्स्पेक्टर पाठवतं, आणि काम थांबवायचा अधिकारही त्यांच्याकडं आहे. तुम्हाला सगळे तपशील कळवतीलच असं नाही. बरेच दिवस काहीच आलं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली" एवढं एकच विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.