जुन्या लुगड्यांचे उन्हाळी कपडे शिवताना या चुका टाळा

होळी झाली की माझ्याकडे जुनी लुगडी आणि सुती साड्या घेऊन बायका यायला लागतात. कुणाला कुर्ता हवा असतो, कुणाला मुलीचा फ्रॉक, कुणाला बाळाची झबली. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो. त्या उन्हात वीस-तीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. म्हणूनच असं कापड घाईपायी फुकट गेलेलं मला बघवत नाही. नवं कापड बिघडलं तर दुकानात दुसरं मिळतं. आजीचं लुगडं कुठून आणणार?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कापड न तपासता कात्री लावणं. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने आजीच्या हिरव्या इरकली लुगड्याचा कुर्ता घरी एका रात्रीत शिवला. लुगडं ट्रंकेत ज्या घडीत वर्षानुवर्षं पडून होतं, ती मधली घडी तिने तशीच ठेवली आणि त्याच रेषेवर गळा काढला. सोपं पडतं ना, मध्य शोधावा लागत नाही. पहिल्याच दिवशी बसमध्ये दांडी धरायला हात वर केला आणि पाठ मानेपासून कमरेपर्यंत टरकली. ब्लेडने कापावी तशी सरळ. तिने बाजूने पुन्हा टीप मारली, तर टिपेच्या कडेने फाटलं. माझ्याकडे आणलं तेव्हा मी ते खिडकीसमोर धरलं. घडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड चाळणीसारखं विरलं होतं आणि धडधाकट भागाच्या तिने बाह्या काढल्या होत्या. त्या बाह्या आणि उरलेले तुकडे जोडून तिच्या भाचीला दोन झबली निघाली, तेवढंच हाती लागलं.

माझी पद्धत सांगते. सकाळच्या उजेडात खिडकीला काठी लावून कापड आडवं टाकते आणि मागून हात फिरवत जाते. हाताच्या रेषा दिसायला लागल्या की तो भाग विरला. नऊवारीत बसण्याचा भाग आणि घोट्याशी घासणारा भाग हमखास जातो. त्याभोवती लाल दोऱ्याने मोठा धावदोरा घालते, कारण खडू हात लागला की पुसला जातो. मग दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड उभं आणि आडवं ताणते. ‘टर्र’ आवाज आला की तो भाग बाद. तासभर जातो. ज्यांना तो तास जड जातो, त्यांनी जुन्या कापडाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. लुगडं मधे विरलं की तो भाग त्या कापून टाकत, चांगले तुकडे जोडत, म्हणजे दंड घालत, आणि ते दंड घातलेलं लुगडं पुढे कितीतरी दिवस नेसत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. अर्धं बाद झालं तरी कुर्ता निघतो. म्हणून मी आधी वाईट भाग काढते आणि उरलेल्यात काय बसतं ते बघते. आधी डिझाइन ठरवून मग कापडाला त्यात कोंबायचं, हे जुन्या कापडाला चालत नाही. दंड घातलेलं लुगडं मिळालं तर ती जोड खांद्यावर किंवा पाठीवर येऊ देऊ नका. तिला घेराच्या खालच्या भागात जागा द्या.

दुसरी चूक दोऱ्याची आणि सुईची. मशीनला 16 नंबरची जाड सुई, पॉलिस्टरचा दोरा, आणि ‘पक्कं व्हावं’ म्हणून बारीक टीप. पोस्टाच्या तिकिटाला कडेने भोकं असतात ना, तसं कापड होतं आणि तिकिटासारखंच ते त्या रेषेवर सुटतं. शिवाय पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, ताण आला की तो विरलेलं सूत कापतो. मी सुती दोरा वापरते. ताण आला तर दोरा तुटावा, कापड नाही. दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. सुई 11 ची, मलमलसारखं तलम असेल तर 9 ची, आणि टीप जरा लांब, अडीच ते तीन मिलिमीटर. आधी हाताने कच्चे टाके घालून अंगावर घालून बघते, कारण असं कापड मशीनची टीप उसवणं सोसत नाही. मायाही, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, दीड-दोन बोटं ठेवते.

फिटिंगचा हट्ट सोडा. छातीला किमान चार-पाच इंच सैल ठेवा. वारा खेळतो आणि शिलाईवर ताण येत नाही.

पॉलिस्टरचं अस्तर लावू नका. आजीचं मऊ सूत बाहेरून आणि अंगाला घाम धरणारं प्लास्टिक, हे का करायचं? अस्तर हवंच असेल तर मलमलचं लावा.

धुतल्याशिवाय बेतू नका. खळ असेल तर कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. खळ राहिली तर कसर लागते आणि मापही फसतं.

जुनं आहे म्हणजे सुतीच, असं धरून चालू नका. सत्तरच्या दशकापासून पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट घरोघरी आलं होतं. काठाजवळचा एक धागा जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे.

खणाचा पन्हा अरुंद असतो, साधारण 30 इंचांच्या आसपास. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा जुना खण हाती असेल तर मोठ्या बाईचा कुर्ता त्यातून काढायची ओढाताण करू नका. लहान मुलीचं परकर-पोलकं शिवा, नाहीतर साध्या सुती कुर्त्याला त्याचं योक, म्हणजे खांद्या-छातीवरचा वेगळा तुकडा, लावा.

आणि इरकलीचा पदर. तो रेशमी असतो, अंग बहुधा सुती असतं आणि दोन्ही मागावरच एकमेकांत गुंतवलेले असतात. धुतल्यावर सूत आटतं तितकं रेशीम आटत नाही, त्यात लाल पदराचा रंगही जाऊ शकतो. त्यामुळे बेतण्याआधी जोडापासून चार बोटं आतून, सुती बाजूने पदर वेगळा कापा, म्हणजे मागावरची जोड पदराबरोबर शाबूत राहते. कडेला हाताने दुमड घाला. त्याची ओढणी होते, आणि उन्हात डोक्यावरून घ्यायला ती पुरते.