जुनी पालिओ १.६ घेतलीत? मग या चुका टाळा

फियाटची जुनी पालिओ १.६ जीटीएक्स बघायला सोबत चला, असे फोन मला सतत येतात. फोन करणारे बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे. शाळेत असताना सचिन तेंडुलकरच्या जाहिरातीत ही गाडी पाहिलेली, तेव्हापासून मनात भरलेली, आता हातात चार पैसे आलेत. मला या पोरांचं कौतुकच वाटतं. पण गाडी दारात आल्यावर पहिल्या महिन्यात ते जे काही करतात, ते बघून जीव तुटतो. वर्षानुवर्षं त्याच चुका. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी गाडीविषयी थोडं. छोट्या हॅचबॅकमध्ये दमदार इंजिन बसवायचं आणि सस्पेन्शनही त्याच्या तोलाचं द्यायचं, हा प्रकार युरोपात रुजला तो १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे. १.६ लिटर, ११० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम आठशे किलोंच्या घरात. १९८४ मध्ये पूजो २०५ जीटीआय आली आणि त्या पिढीने या दोन गाड्या डोक्यावर घेतल्या. आपल्याकडे तेव्हा पद्मिनी आणि मारुती ८०० चा जमाना होता. माझ्या मते आपल्याला ही चव खऱ्या अर्थाने मिळाली ती २००१ मध्ये, फियाटच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पालिओ १.६ बाहेर पडली तेव्हा. सोळा वॉल्व्हचं इंजिन, १०० अश्वशक्ती. त्या वेळी झेन आणि सँट्रो एक लिटरच्या आसपासच्या इंजिनावर धावत होत्या. पालिओचं दार लोटलं की जो भरीव आवाज येतो, तो आजच्या कितीतरी महागड्या गाड्यांत ऐकायला मिळत नाही. वेग वाढला की गाडी रस्त्याला आणखी घट्ट धरते. पेट्रोल पिते हे खरं, पण त्याची तक्रार करणाऱ्याने लहान इंजिनाची पालिओ १.२ घ्यावी.

बेल्ट 'बदललाय' या शब्दावर विश्वास

सगळ्यात मोठी चूक ही, आणि सगळ्यात महागही. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटला की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. सोळा वॉल्व्हपैकी किती वाकतील ते तुमच्या नशिबावर. तरीही लोक गाडी घेताना टायरची नक्षी बघतात, म्युझिक सिस्टिम वाजवून बघतात, आणि बेल्टविषयी मालकाने 'गेल्याच वर्षी टाकलाय' म्हटलं की मान डोलावतात. बिल मागत नाहीत. मागायला संकोच वाटतो म्हणे.

ओळखीतल्या एका मुलाने अशीच एक गाडी घेतली. रंग सुंदर, आतली सीटं धड, काचा मूळच्या. मी चालवून बघितली तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, हलका थरथराट होता आणि चार हजार आरपीएमच्या वर जो जोर लागायला हवा तो लागत नव्हता. मी म्हटलं, आधी बेल्टचं कव्हर उघड. तो म्हणाला, "दादा, रविवारी मित्रांबरोबर कोल्हापूर ठरलंय, आलो की लगेच करतो." तोवर एका गॅरेजवाल्याने त्याला प्लग बदलायला लावले, इंजेक्टर साफ करून दिले, कॉइलही नवी घातली. थरथराट होता तिथेच होता, कारण दुखणं तिथे नव्हतंच.

खंबाटकी घाट चढताना इंजिन एकदम बंद पडलं. त्याचा फोन आला तेव्हा मी एवढंच सांगितलं की एकदा स्टार्टर मार आणि आवाज ऐकव. नेहमी स्टार्टर मारला की इंजिन दाबाशी झगडत धक्क्याधक्क्याने फिरतं. इथे ते एकसुरात, पंख्यासारखं भिरभिरत होतं. कॉम्प्रेशन गेलेलं होतं. मी म्हटलं, आता किल्लीला हात लावू नकोस. पण मित्रांनी गाडी ढकलून गिअरमध्ये सुरू करायचा प्रयत्न केलाच, एकदा नाही, चारदा. उरलेसुरले वॉल्व्ह त्यात वाकले असावेत.

गाडी टो करून पुण्याला आणली. कव्हर काढलं तर बेल्ट खरोखरच नवा होता, म्हणजे मालक खोटं बोलला नव्हता. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, मात्र जुनाच. त्याची बेअरिंग जाम झालेली, आणि बेल्टची एक कड घासून, वितळून काळी चकचकीत झालेली. पुलीवर पांढऱ्या नेलपॉलिशच्या खुणा होत्या. कॅम, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, लॉक करायचं हत्यार न वापरता नुसत्या खुणा मारून बेल्ट चढवला होता आणि एक दात पुढेमागे झाला होता. थरथराट होता तो त्याचाच. हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं तेव्हा चारही पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढ्या अर्धचंद्रकोरी उमटलेल्या दिसल्या, जिथे जिथे वॉल्व्ह येऊन आदळला तिथे तिथे. नाना पेठ पालथी घातली, वॉल्व्हचा पूर्ण संच मिळेना. शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून फियाटच्याच पेट्रा गाडीचं हेड आणलं. पेट्रा १.६ ला हेच इंजिन होतं म्हणून निभावलं. त्या खर्चात टेन्शनरसकट बेल्ट कितीतरी वेळा बदलून झाला असता.

माझी पद्धत सांगतो. गाडी घेतली की ती फक्त घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत चालवायची. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरायचं. बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) एकत्रच बदलायचे, आणि उघडलंच आहे तर वॉटर पंप पाझरतोय का तेही बघून घ्यायचं. कॅम लॉक करायचं हत्यार ज्या मिस्त्रीकडे नाही त्याने हे काम करू नये. खुणा मारून जमवतो म्हणाला तर चहा प्यायचा आणि निघायचं. बेल्ट चढवल्यावर स्टार्टर मारण्याआधी इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघायचं. कुठे अडलं तर थांबायचं, जोर करायचा नाही. मग बॉनेटच्या आत स्टिकर लावून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहायचे. मी पाच वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलतो. कोणी म्हणेल जास्तच काळजी करतोस. हरकत नाही, मी ती करणारच.

गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका

हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याने आपल्या देशातल्या हजारो इंजिनांचं आयुष्य कमी केलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी तापते म्हणून मिस्त्री ती काढून फेकतो आणि काटा खाली येतो. मालक खूष. पण त्यात काय होतं ते समजून घ्या. थर्मोस्टॅट नसला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन त्याच्या नेमून दिलेल्या तापमानाला पोचतच नाही, निदान थंडीच्या दिवसांत आणि मोकळ्या रस्त्यावर. इंजिन अजून थंडच आहे असं कॉम्प्युटरला वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि रिंगा-बेअरिंग झिजायला लागतात. मे महिन्यात एसी लावून ट्रॅफिकमध्ये अडकलात की गाडी तरीही तापतेच, कारण मूळ कारण तसंच आहे.

मूळ कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. पहिलं म्हणजे रेडिएटरचा पंखा. तो दोन वेगांवर चालतो आणि खालच्या वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळला की पंखा थेट वरच्या वेगालाच लागतो, म्हणजे पाणी बरंच तापल्यावर. तपासायला दोन मिनिटं पुरतात. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि पंखा खालच्या वेगावर फिरतोय का ते बघा. नाही फिरला तर रेझिस्टर बघा. एवढंच.

दुसरं कारण नळाचं पाणी. अर्ध्या महाराष्ट्रात बोअरचं पाणी जड आहे. ते वर्षानुवर्षं ओतत गेलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. दोन वेगवेगळे धातू आणि मधे गंजरोधक नसलेलं पाणी, म्हणजे हेड कुरतडलं जाणारच. टाकीतलं पाणी तांबूस दिसलं तर ते गंजाचं आहे हे ओळखा. मी सगळं काढून, धुऊन, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. भरताना घाई करायची नाही. आत अडकलेली हवा निघेपर्यंत हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन आयडलला चालू द्यायचं. हीटरमधून गरम हवा यायला लागली की काम नीट झालं समजा. हवा अडकलेली राहिली तर काटा वरखाली नाचतो आणि बिचारा मालक सेन्सर बदलत बसतो.

आधी गाडी मूळपदावर आणा

गाडी घेतल्याच्या आठवड्यात कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर आणि सोळा इंची चाकं. हा उतावळेपणा मला अजिबात आवडत नाही. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. आवाज वाढतो, जोर वाढत नाही. मोठी, जड चाकं लावली की स्टिअरिंग ओझं होतं आणि या गाडीची जी खरी गंमत, रस्त्याचा निरोप थेट हातापर्यंत पोचणं, तीच जाते. मूळची चौदा इंची चाकं ठेवा, टायर चांगले घ्या. लोअर आर्मचे बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि इंजिनाचे माउंट नवे घाला. एवढं करून एकदा वरंधा घाटातून चालवून या. त्यानंतरही काही बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला. फक्त एक लक्षात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे की कंपनीने दिलेली गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही.

बाकी बारीकसारीक. किल्ली एकच मिळत असेल तर भाव पाडून घ्या आणि दुसरी लगेच करून घ्या, इमोबिलायझरच्या, म्हणजे चिपच्या किल्लीशिवाय सुरू न होणाऱ्या, गाडीत शेवटची किल्ली हरवली की फार मनस्ताप होतो. थंड इंजिनावर जोरात पळवू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्या वीस वर्षांच्या असतील तर त्या काढा; आता मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्या टिकत नाहीत, आणि बॉनेटखाली गळती म्हणजे आगीला आमंत्रण. वापरलेला माल स्वस्तात मिळाला म्हणून बेअरिंग आणि ब्रेकचे भाग जुन्या गाडीवरचे घेऊ नका. दाराचे हँडल, दिवे, ट्रिम हे मात्र भंगारातून जरूर उचला, दिसेल तिथे, लागोत न लागोत.

आणि कागद. लोक आरसी बघतात ती फक्त नाव आणि तारखेपुरती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत किती उरली आहे ते व्यवहाराआधी बघा, नंतर नाही. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर स्वतः वाकून, टॉर्च लावून, आरसीवरच्या आकड्यांशी एकेक आकडा ताडून बघा. १.६ ला भाव आहे म्हणून १.२ च्या सांगाड्यात मोठं इंजिन बसवून, मागे जीटीएक्सचा बिल्ला चिकटवून विकणारे आहेत. गाडी धावते झकास, पण आरसीवर घनक्षमता १२४२ लिहिलेली दिसली तर ती मुळातली १.६ नाही. अशा गाडीचं नूतनीकरणही अडेल आणि विम्याचा दावाही. मालक कितीही गोड बोलला तरी तिथून गाडीची किल्ली त्याच्या हातात देऊन परत या.