गाढव अडून बसते तेव्हा: हाताळणीतील या चुका टाळा

वीटभट्टीच्या वाटेवर गाढव मध्येच थांबले की पहिली काठी त्याच्या पाठीवर पडते, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. घोडा घाबरला की उधळतो. आफ्रिकेतील कोरड्या, खडकाळ प्रदेशात वाढलेल्या रानगाढवांचा हा वंशज मात्र बहुधा जागीच थिजतो, समोरच्या गोष्टीचा अंदाज घेतो आणि मगच पाऊल टाकतो. या वेळी मार बसला, तर समोरची गोष्ट, समजा फडफडणारी ताडपत्री, आणि वेदना यांची सांगड त्याच्या स्मरणात पक्की होते आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच वळणावर आधीच अडते. त्याला क्षणभर पाहू द्यावे, सरावलेले गाढव पुढे घालावे आणि अडलेल्याने एक पाऊल टाकताच दाव्याचा ताण सोडावा. ताण उशिरा सुटला, तर तो नेमका कशामुळे सुटला हे त्याला उमगत नाही.

रोज नीट चालणारे जनावर अचानक अडू लागले, लाथा झाडू लागले, तर स्वभावाला दोष देण्याआधी खोगिराखालची कातडी, खूर आणि दात तपासावेत. गाढव दुखणे लपवते, त्यामुळे ‘गरीब आहे, निमूट उभे राहते’ ही आपण करतो ती स्तुती पुष्कळदा आजाराचीच खूण असते. चारा कमी झाला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे: उपाशी गाढवाच्या शरीरातील चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ शकते, आणि लठ्ठ गाढवांना व गाभण गाढविणींना हा धोका अधिक असतो.

मनावरच्या ताणामुळेही चारा सुटतो, आणि जोडीदाराचा वियोग हा फार मोठा ताण असतो. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात एकच गाढव घेणाऱ्याने त्याची जोडी कोणाशी आहे हे विचारावे आणि शक्य असल्यास दोन्ही घ्यावीत. जोडीतील एक मेले, तर मृतदेह लगेच हलवू नये. दुसऱ्याला तो हुंगू द्यावा, ते आपणहून बाजूला होईपर्यंत थांबावे आणि पुढचे काही दिवस त्याच्या खाण्यावर लक्ष ठेवावे.

पावसाळ्यात छप्पर हवेच, कारण गाढवाची केसाळ कातडी घोड्याइतके पाणी निथळून टाकत नाही. शिंगराने खेळता खेळता केलेले चावरेपण मात्र पहिल्याच दिवशी थांबवावे. सहा महिन्यांनी तेच दात मुलाच्या दंडात रुततात.