कंपनीच्या ट्रकवर लागायचं का? सही करण्याआधीचा हिशेब

नागपुरात लांब पल्ल्याच्या गाडीवर काम मिळणं अवघड नाही. श्रीनगर–कन्याकुमारीचा ४४ नंबरचा आणि हाजिरा–पारादीपचा ५३ नंबरचा हायवे इथेच एकमेकांना छेदतात, समृद्धीचं एक टोक इथेच आहे. वाडी, कापसी, बुटीबोरी या पट्ट्यांत मोठ्या कंपन्यांच्या गाड्या रोज भरतात आणि खाली होतात. तेव्हा नोकरी मिळेल का, ही चिंता बाजूला ठेवा. घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत किती दिवस जातात, त्यातल्या किती दिवसांचे पैसे मिळतात आणि शेवटी कापून किती घेतात, हे आधी विचारा. ‘पगार पंचवीस हजार’ एवढ्यावरून यातलं काहीच कळत नाही.

लायसनचं थोडक्यात. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय किमान २० हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन निदान एक वर्ष जुनं हवं. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ आणि डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. हे लायसन ५ वर्षं चालतं. गॅस किंवा पेट्रोलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, तिची मुदत ३ वर्षं असते आणि नूतनीकरणाआधी उजळणीचा कोर्स करावा लागतो.

आधी गाडीचा प्रकार ठरवा

पार्सल कंपनीचा बंद कंटेनर गोदाम ते गोदाम चालतो. ताडपत्री, रस्से, हमाली यांची कटकट नसते, पण घड्याळ पाठीशी लागलेलं असतं. दिवाळीच्या आधी तर माल दुप्पट होतो, म्हणून या कंपनीत पोळा आणि दिवाळीची सुट्टी कशी मिळते ते पहिल्याच भेटीत विचारा. स्टील, सिमेंट, कोळशाच्या ट्रेलरला घाई कमी, पण कारखान्याच्या गेटबाहेर दोन-दोन दिवस नंबर लागत नाही. टँकरला शिस्त कडक असते आणि सुरक्षेवर खर्चही बरा होतो. काही कंपन्या रिले पद्धत चालवतात: ठराविक अंतरावर ड्रायव्हर बदलतो, गाडी पुढे जाते आणि तुम्ही उलट बाजूची गाडी घेऊन घरी येता. घरात लहान मुलं किंवा आजारी माणूस असेल तर पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी रिलेच निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पगाराचा खरा हिशेब

वही घ्या आणि आकडे मांडा. इथले आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कंपनीचे त्या जागी घाला.

समजा मूळ पगार १५,००० आणि रोजचा भत्ता ४००. महिन्यात २६ दिवस तुम्ही बाहेर आहात. भरतीवाला सांगणार: २६ गुणिले ४०० म्हणजे १०,४००, एकूण २५,४००. आता विचारा, गाडी उभी असेल त्या दिवशी भत्ता चालू राहतो का? बऱ्याच ठिकाणी तो फक्त चालत्या गाडीला असतो. २६ पैकी ८ दिवस लोडिंग-अनलोडिंगच्या रांगेत गेले तर भत्ता १८ दिवसांचाच, म्हणजे ७,२००. एकूण झाले २२,२००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआयचे (कामगार आरोग्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे सुमारे ११३ वजा केले की हातात २०,२८७. रस्त्यावर दोन वेळचं जेवण, चहा, आंघोळीचे पैसे असे रोज ३०० धरले तर ७,८०० गेले. डिझेलची कपात १,५०० धरली (ती कशी होते ते पुढे येतंच). उरले १०,९८७, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक दिवसाला ४२३ रुपये.

पीएफ कापला म्हणून तो बुडाला असं समजू नका. तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० तुमच्याच नावावर जमा होतात (कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे जातात). ते धरले तर दिवसाला ५६१ पडतात. याच्या शेजारी शहरातल्या टिपरची नोकरी मांडा: १७,००० पगार, पीएफ नाही, २६ दिवस घरचा डबा, चहापाण्याचे रोज ८०. उरतात १४,९२०, दिवसाला ५७४ रुपये, आणि रात्री झोप घरी. लांब पल्ल्याची गाडी इथे जवळपास बरोबरीत आली, ईएसआयमुळे घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते तेवढीच जमेची बाजू. आता त्या ८ उभ्या दिवसांचाही भत्ता मिळतो असं धरा. ३,२०० वाढले आणि दिवसाचे ६८४ झाले. म्हणजे सगळा निर्णय एका ओळीवर अडलेला आहे: गाडी उभी असताना भत्ता चालू की बंद. ही ओळ नेमणूकपत्रात लेखी घ्या. तोंडी ‘देतो ना भाऊ’ चालणार नाही.

कपात कुठून येते

सगळ्यात जास्त भांडणं डिझेलच्या ॲव्हरेजवरून होतात. कंपनी एक आकडा ठरवते, त्याच्या खाली आलात तर फरकाचं डिझेल पगारातून जातं. आकडा भरलेल्या गाडीचा वेगळा, रिकाम्या गाडीचा वेगळा आणि घाटाचा वेगळा हवा. रायपूरकडचा बराचसा सपाट रस्ता आणि नाशिक–मुंबई रस्त्यावरचा कसारा घाट एकाच मापाने मोजले तर घाटवाला ड्रायव्हर दर महिन्याला मार खातो. एसीचंही विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. पण ॲव्हरेज एसी बंद धरून ठरवलं असेल, तर मे महिन्यात बुटीबोरीच्या गेटवर उभ्या गाडीत एसी लावला की त्याचं डिझेल तुमच्या खिशातून जाणार. ४५ अंशांत रात्रभर न झोपलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी चाळीस टन ओढायचे, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. एसीचे तास धरून ॲव्हरेज ठरलेलं असावं.

दुसरी कपात मालाच्या तुटीची. सील लागलेल्या कंटेनरला तुटीची जबाबदारी सील तुटलं तरच तुमची, असं लिहून घ्या. तिसरी, टायर आणि अपघाताच्या नुकसानीची. इथे महिन्याला जास्तीत जास्त किती कापणार याची मर्यादा विचारा. अनामत म्हणून ओरिजिनल लायसन, कोरा चेक किंवा कोऱ्या स्टँपपेपरवर सही मागितली, तर तिथूनच परत फिरा.

वेळ जमते का ते बघा

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने लांब पल्ल्यालाही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची कमाल मर्यादा घातली होती, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे, पण ड्रायव्हरने अंगाला लावून घ्यायचं माप म्हणून हेच आकडे डोक्यात ठेवा. नागपूर ते दिल्ली सुमारे १,१०० किलोमीटर. टोल, जाम धरून भरलेल्या गाडीचा वेग सरासरी ४५ पडला तर साडेचोवीस तास नुसतं स्टेअरिंग. रोज १० तासांनी गाडी तिसऱ्या दिवशी पोचेल. कंपनी एकट्या ड्रायव्हरकडून ती ३६ तासांत मागत असेल, तर ती तुमची झोपच मागते आहे. जोडीला दुसरा ड्रायव्हर देणार का, एवढंच विचारा आणि उत्तरावर ठरवा.

‘ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) संपतंय, रात्रीच काढ’ असं सांगून पळवणारे भेटतात. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. १,१०० किलोमीटरला ६ दिवस झाले, आणि मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवताही येते.

ओव्हरलोडचं सरळ विचारा: वजनकाट्यावर जास्त निघालं तर गाडी तिथेच थांबवायची परवानगी आहे का? दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. दंड कंपनी भरेल, पण निलंबित होणारं लायसन तुमचं असतं. दहा चाकी गाडीचं मालासकट एकूण वजन २८.५ टन, हे पाठ असू द्या.

गाडी आणि ड्रायव्हर, दोघांना भेटा

ऑफिसात सही करण्याआधी एका सकाळी वाडी किंवा कापसीच्या पार्किंगमध्ये जा आणि त्याच कंपनीच्या दोन-तीन गाड्या बघा. पुढच्या चाकांवर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर आहेत का? पुढचा टायर फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही, आणि समृद्धीवर उन्हाळ्यात ८० च्या वेगाने सलग चालणाऱ्या गाडीला हा धोका फार मोठा. टायरच्या खाचेत बोट घाला: आडवी पट्टी टायरच्या वरच्या रबराच्या बरोबरीला आली असेल तर तो टायर संपला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला तर हवा भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि मिनिटभर हवेच्या दाबाचा काटा बघा. काटा सरसर खाली आला तर लाइनमध्ये गळती आहे आणि कंपनीला त्याची पर्वा नाही. डॅशबोर्डवर युरियाचा (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचा) दिवा लागलेला असेल तर युरिया वेळेवर मिळत नाही. तो संपला की इंजिनची ताकद कमी होते आणि चढावर गाडी रांगते.

त्या ड्रायव्हरला तीनच गोष्टी विचारा. मागचा पगार कोणत्या तारखेला आला, पीएफ जमा झाल्याचा मेसेज दर महिन्याला येतो का, आणि गेल्या खेपेत घरी कधी गेलात. नेमणूकपत्र कंपनीच्या नावाचं आहे की ठेकेदाराच्या, हेही तोच सांगेल. ठेकेदाराचं असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर हातात आल्याशिवाय गाडीला चावी लावू नका.

लागलातच तर

पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेताना स्टेपनी, जॅक, टामी, ताडपत्री, रस्से आणि टायरचे नंबर कागदावर लिहून सुपरवायझरची सही घ्या, आणि मोबाईलवर फोटो काढा. डिझेल भरताना प्रत्येक वेळी पावती आणि किलोमीटरचा आकडा एकाच फोटोत घ्या. प्रत्येक खेपेला गेटवर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत टिपा. उभ्या दिवसांचा भत्ता मागताना ही वही लागते. तीन महिन्यांनी तीच वही उघडून वरचा हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा. सोडायचं ठरलं तर पीएफ काढून न घेता नव्या कंपनीत वळता करा आणि गाडी परत देताना त्याच यादीवर दुसरी सही घ्या, नाहीतर हरवलेल्या जॅकचे पैसे शेवटच्या पगारातून जातात.