'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊ नका: विंडोज सर्व्हरवरच्या फोल्डर परमिशनच्या चुका

"साइट चालू झाली, पण फाइल अपलोड होत नाही. परमिशन देऊन टाकू का?" असा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो. तिकडे कुणीतरी सिक्युरिटी टॅब उघडून बसलेलं असतं आणि 'एव्हरीवन'समोर (म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या खात्यांसमोर) 'फुल कंट्रोल'ची टिक मारायच्या बेतात असतं. ती टिक मारली की अपलोड लगेच चालतं, म्हणूनच ती धोक्याची आहे. चालायला लागलेल्या गोष्टीकडे पुन्हा कुणी वळून बघत नाही.

एका ठिकाणी मला हे निस्तरावं लागलं. साइट टाकणाऱ्याने घाईत मूळ फोल्डरलाच एव्हरीवन फुल कंट्रोल दिला होता. काही महिन्यांनी साइटवरून भलत्याच पानांवर उड्या पडायला लागल्या. मी अपलोडचा फोल्डर उघडून तारखेप्रमाणे लावला, तर शेकडो जेपीजींच्या मधोमध एक एएसपीएक्स फाइल (सर्व्हरवर चालणारा कोड) बसलेली. कुणीतरी फोटोच्या जागी ती चढवली होती आणि ब्राउझरमधून ती चालवून सर्व्हरवर हवं ते करत होतं. त्यात मूळ फोल्डरवरही लिहायची मुभा, त्यामुळे वेब डॉट कॉन्फिग (साइटच्या सेटिंग्जची फाइल) बदललेली, बिन फोल्डरातल्या दोन डीएलएलच्या (साइटच्या तयार कोडच्या फाइली) तारखाही नव्या. कुठली फाइल आपली आणि कुठली त्याची, हे छातीठोकपणे सांगता येईना. शेवटी सर्व्हर कोरा करून सगळं नव्याने उभं केलं. दोन रात्री गेल्या.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मूळ फोल्डरवर ॲपला फक्त वाचायची परवानगी. अपलोड, लॉग, ॲप डेटा अशा मोजक्या फोल्डरांवर 'मॉडिफाय'. फुल कंट्रोल कुठेच नाही, कारण त्यात परमिशन बदलण्याचा आणि मालकी घेण्याचाही हक्क येतो आणि कुठल्याही वेब ॲपला त्याची गरज नसते. अपलोडच्या फोल्डरात स्क्रिप्ट चालणं बंद ठेवायचं. हे हँडलर मॅपिंग्जमध्ये (कुठली फाइल कशी चालवायची हे ठरवणारी सेटिंग) करता येतं, पण ती सेटिंग त्याच फोल्डरातल्या वेब डॉट कॉन्फिगमध्ये लिहिली जाते आणि तिथे तर ॲपला लिहायची मुभा आहे! म्हणून मी ती वरच्या वेब डॉट कॉन्फिगमध्ये लोकेशन टॅग (सेटिंग कुठल्या फोल्डरला लागू ते सांगणारा) टाकून लिहितो.

आता परवानगी द्यायची कुणाला? बरेच जण इथेच अडतात आणि कंटाळून एव्हरीवन निवडतात. विंडोज सर्व्हर २००८ आर२ मधल्या आयआयएस ७.५ (विंडोजचा वेब सर्व्हर) पासून प्रत्येक ॲप पूलला (साइट चालवणाऱ्या प्रोसेसचा गट) स्वतःचं खातं मिळतं. ते यादीत शोधून सापडत नाही, हाताने टाइप करावं लागतं: आधी 'आयआयएस ॲपपूल' (IIS AppPool), मग बॅकस्लॅश, मग पूलचं नाव जसंच्या तसं. त्याच खिडकीतल्या लोकेशनमध्ये डोमेन असेल तर ते बदलून तोच सर्व्हर निवडा, नाहीतर नाव सापडतच नाही.

'आयआयएस_आययूझर्स' (IIS_IUSRS) या ग्रुपला मॉडिफाय देणं हीसुद्धा पळवाटच. त्या ग्रुपमध्ये सर्व्हरवरचे सगळे पूल येतात, म्हणजे शेजारची साइट तुमच्या फोल्डरात लिहू शकते.

माझा दुसरा डोकेदुखीचा विषय म्हणजे कट-पेस्ट. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती जुन्या फोल्डरच्या परमिशन सोबत घेऊन येते, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. पीएचपीमध्ये हे हमखास चावतं. अपलोड आधी टेम्प फोल्डरात उतरतं, तिथून हलवलं जातं, आणि मग जुने फोटो दिसतात पण नव्यांवर ४०१.३ (परवानगी नसल्याचा एरर) येतो. लोक दिवसभर कोड तपासत बसतात. फाइलवर राइट क्लिक करून सिक्युरिटी टॅब बघितला तर दोन मिनिटांत उलगडा होतो. आलेल्या फाइली आयकॅकल्सच्या (icacls, परमिशन हाताळणारी विंडोजची कमांड) रीसेटने सरळ करा आणि पीएचपीला वेगळा टेम्प फोल्डर देऊन त्यावर योग्य परमिशन लावा.

'डिनाय' (परवानगी मुद्दाम नाकारण्याची टिक) वापरू नका. नको असलेली परवानगी काढून टाकली की काम भागतं.

पूलच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, आधी ते काढायला लावतो.

फाइली नेटवर्क शेअरवर असतील तर तिथे पूलचं खातं पोचतच नाही, सर्व्हरचं कॉम्प्युटर खातं पोचतं. शेअर आणि एनटीएफएस (फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधल्या परमिशन), दोन्हीकडे त्याला परवानगी लागते.

एरर ५००.१९ सोबत ०x८००७०००५ दिसलं, तर वेब डॉट कॉन्फिग वाचायलाच परवानगी नाही. फाइल उघडून मजकूर बदलत बसू नका.

नेमकं कोण अडतंय ते कळत नसेल तर अंदाजाने टिका मारू नका. प्रोसेस मॉनिटर (मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं टूल) चालवा, डब्ल्यू३डब्ल्यूपी (w3wp.exe, साइट चालवणारी) प्रोसेसवर आणि 'ॲक्सेस डिनाइड' निकालावर फिल्टर लावा आणि चूक पुन्हा घडवा. कुठला पाथ अडला ते ओळीत दिसतं. त्या ओळीवर डबल क्लिक केलं की खातंही कळतं.

आणि काहीही बदलण्याआधी आयकॅकल्सच्या सेव्हने सध्याच्या परमिशन फाइलमध्ये उतरवून घ्या. परत आणताना रिस्टोअरला तोच फोल्डर देऊ नका, त्याच्या वरचा द्यावा लागतो. ती फाइल मी साइटच्या फोल्डरात कधीच ठेवत नाही, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवतो आणि तिच्या नावात तारीख घालतो.