भूकवचाची जाडी काढताय? सातारा-सांगलीच्या कातळावर या चुका टाळा

खंडांखाली भूकवच ३५ ते ४० किलोमीटर, समुद्रतळाखाली साधारण ७, तिबेटखाली ७० च्या आसपास. हे आकडे पाठ असतात, पण ते येतात कुठून याचा विचार क्वचितच होतो. १९०९ साली क्रोएशियात झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासताना आंद्रिया मोहोरोविचिच यांच्या लक्षात आलं, की लांबच्या केंद्रांवर काही लहरी अपेक्षेच्या आधीच पोहोचतात. त्या खालच्या, जास्त वेगाच्या खडकातून वळसा घालून येत होत्या. त्या खडकाची वरची सीमा म्हणजे मोहो, भूकवचाचा तळ. म्हणजे आपण मोजतो ती वेळ, आणि तिचे किलोमीटर करतो. वेळ बहुतेक वेळा बरोबरच असते. गडबड होते ती भूकंपमापक यंत्र पुरताना आणि किलोमीटर करताना.

होकायंत्र लावून उत्तर दिशा ठरवणे

आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, चुंबकीय आहे. उघड्या बेसॉल्टवर होकायंत्राची सुई दहा पावलांवर दिशा बदलू शकते. भूकंपमापकाची उत्तर दिशा चुकली, की लहरीची ऊर्जा नको त्या दिशेच्या नोंदीत सांडते आणि मोहोवरून आलेला छोटा संकेत पुसट होतो. मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली किंवा जीपीएसचे दोन दूरचे बिंदू घेऊन दिशा ठरवा. यंत्र आधीच पुरलं असेल, तर दूरच्या भूकंपांत पी-लहरीची (सगळ्यात आधी पोहोचणाऱ्या लहरीची) कंपनं कोणत्या दिशेत आहेत ते पाहून कोन दुरुस्त करता येतो. खड्डा पुन्हा उकरायची गरज नाही.

खड्ड्याचंही तेच. सांगलीकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीत यंत्र ठेवलंत, तर पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि यंत्र कलतं. मुरमाखालचा कातळ लागेपर्यंत खणा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथली नोंद घरघरीनेच भरेल. खडी क्रशरपासूनही दूर राहा.

कोयनेचे धक्के वापरणे

हा मोह स्वाभाविक आहे. ११ डिसेंबर १९६७ पासून कोयना परिसर भूकंपांसाठी ओळखला जातो आणि धक्के घरबसल्या मिळतात. पण ते बहुतेक दहा-बारा किलोमीटर खोलीच्या आतले, म्हणजे मोहोच्या वरचे. स्थानकाखालची मोहो पाहायला लहर खालून वर आली पाहिजे. रिसीव्हर फंक्शनसाठी (मोहोवर पी-लहरीतून निघालेली एस-लहर नोंदीतून वेगळी काढण्याची ही पद्धत) ३० ते ९० अंश दूरचे, म्हणजे साधारण ३,३०० ते १०,००० किलोमीटरवरचे भूकंप घ्या: इंडोनेशिया, फिलिपाइन्स, जपान.

इथे एक खोच आहे. हे सगळे पूर्वेकडचे. लहर तिरपी येते, त्यामुळे मोहोवर ती स्थानकाच्या खाली नाही, तर आठ-नऊ किलोमीटर बाजूला एस-लहरीत, म्हणजे मागून पोहोचणाऱ्या हळू लहरीत, रूपांतरित होते. पाटणला यंत्र ठेवून तुम्ही कऱ्हाडच्या बाजूचं कवच मोजत असता. नकाशावर आकडा स्थानकाच्या ठिपक्यावर टाकू नका, त्या बिंदूवर टाका.

१.७३ डोळे मिटून घेणे

सगळ्यात महाग चूक हीच. पी आणि एस लहरींच्या वेगांचं गुणोत्तर १.७३ धरायची सर्रास पद्धत आहे. समजा मोहोवरून आलेली एस-लहर पी-लहरीनंतर ४.५ सेकंदांनी पोहोचली आणि पी-वेग ६.५ किलोमीटर प्रति सेकंद धरला. गुणोत्तर १.७३ असेल तर जाडी साधारण ३८ किलोमीटर येते, १.८० असेल तर ३५. तीच नोंद, तीच वेळ, आणि तीन किलोमीटरची तफावत! दोन जिल्ह्यांतला खरा फरकही कदाचित एवढाच असेल. पी-वेग ६.५ ऐवजी ६.३ धरला तर मात्र जेमतेम एका किलोमीटरचा फरक पडतो, त्याची एवढी धास्ती नको.

यातून सुटका करतात जमिनीवर आपटून पुन्हा मोहोकडे जाऊन आलेल्या लहरी. वरच्या उदाहरणात अशी पहिली लहर १.७३ च्या पर्यायात पी-लहरीनंतर सुमारे १५.४ सेकंदांनी येईल, १.८० च्या पर्यायात १४.४ सेकंदांनी. जवळजवळ एका सेकंदाचा हा फरक चांगल्या नोंदीत दिसतो. लुपेई झू आणि हिरोओ कानामोरी यांनी २००० साली मांडलेली पद्धत जाडी आणि गुणोत्तर असं एकत्रच शोधते. तरीही ‘३७.४२ किलोमीटर’ असं लिहू नका. जाडी आणि गुणोत्तराच्या आलेखावर जुळणीचं शिखर लांबट असतं, तेवढा पल्ला लिहा.

सह्याद्री उंच, म्हणून मूळ खोल?

तिबेटसारख्या रुंद पठाराला हा हिशेब लागू पडतो: एक किलोमीटर उंचीमागे खाली भूकवचाचं पाच-सहा किलोमीटरचं मूळ. घाटमाथा अरुंद आहे, तेवढा भार ताठ शिलावरण (भूकवच आणि त्याखालचा कडक थर) तसाच पेलतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (एनजीआरआय) १९७० च्या दशकात गुहागर-चोरोची आणि केळशी-लोणी या रेषांवर सुरुंगाचे स्फोट करून मोजलं, तेव्हा मोहो साधारण ३६ ते ४० किलोमीटरवर आली.

जाडीसाठी गुरुत्वमापन (जागोजागच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजणं) करत असाल, तर बेसॉल्टला ग्रॅनाइटची २.६७ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर घनता लावू नका, २.९ च्या आसपास धरा. घाटात भूरूपाची, म्हणजे आसपासच्या डोंगर-दऱ्यांच्या परिणामाची, दुरुस्तीही टाळता येत नाही. कोयनेजवळ गोठणे इथल्या ३ किलोमीटर खोल बोअरमध्ये बेसॉल्ट १,२४७ मीटरला संपून ग्रॅनाइट-नाइस लागला. म्हणजे ट्रॅपची (बेसॉल्टच्या थरांची) जाडीही सगळीकडे सारखी धरून चालत नाही.

शेवटचं, आणि अगदी साधं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर, सांगली ५५० च्या आसपास. एकाचा आकडा जमिनीपासून आणि दुसऱ्याचा समुद्रसपाटीपासून असेल, तर तुलनेत किलोमीटरभर फरक फुकटच शिरतो. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.