आपला दावा कोणत्या न्यायालयात चालेल, हे कसे ओळखावे?

महाराष्ट्रात कोणताही वाद न्यायालयात नेण्याआधी तो कोणत्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो, हे पक्षकाराने स्वतः समजून घ्यावे, कारण भलत्याच ठिकाणी दाखल केलेले वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत दिले जाते आणि त्यात वेळ वाया जातो.

प्रथम वाद दिवाणी आहे की फौजदारी, हे पाहावे. बांध कोरल्याचा दावा दिवाणी असतो, पण त्यावरून झालेल्या मारहाणीचा खटला फौजदारी होतो. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा एकच न्यायाधीश 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' आणि 'प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' या दोन्ही नात्यांनी काम पाहतात, मात्र दोन्ही प्रकरणांची कार्यपद्धती पूर्णपणे वेगळी असते.

दिवाणी दाव्यात ठिकाण आणि मूल्यांकन या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. स्थावर मालमत्तेचा दावा ती मालमत्ता जिथे आहे तिथेच करावा लागतो. पैशांच्या वसुलीचा दावा प्रतिवादी राहतो तिथे किंवा व्यवहार घडला तिथे करता येतो. कायद्यानुसार सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या न्यायालयातच दावा दाखल करायचा असतो आणि मूल्य कनिष्ठ स्तराच्या मर्यादेपलीकडे गेल्यास तो वरिष्ठ स्तराकडे जातो. येथे बहुतेकांची गफलत होते: शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्याचे मूल्य अनेकदा बाजारभावावर नव्हे, तर शेतसाऱ्याच्या आकारणीच्या ठरावीक पटीत काढले जाते, त्यामुळे लाखमोलाच्या जमिनीचा दावाही कनिष्ठ स्तरावर चालू शकतो. म्हणून वकिलांकडे जाताना सातबाऱ्याचा उतारा सोबत न्यावा.

फौजदारी बाजूला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपर्यंत, तर मुख्य न्यायदंडाधिकारी 7 वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतात. खुनासारखा खटला सत्र न्यायालयातच चालतो, परंतु तो आधी दंडाधिकाऱ्यांपुढे येऊन तेथून वर्ग होतो.

मुंबईची रचना निराळी आहे: तेथे नगर दिवाणी न्यायालय आहे आणि घरमालक-भाडेकरूंचे दावे लघुवाद न्यायालयात जातात. शेतरस्ता अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदारांकडे करता येते. मात्र ते महसूल अधिकारी आहेत, मालकी हक्काचा निवाडा दिवाणी न्यायालयच करते.

नोटीस हाती आली असेल, तर तिच्यावरील क्रमांक आधी वाचावा. 'रे.मु.नं.' म्हणजे रेग्युलर मुकदमा, जो बहुधा कनिष्ठ स्तरावर असतो, तर 'स्पे.मु.नं.' म्हणजे वरिष्ठ स्तरावरील स्पेशल मुकदमा. सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला दिलेला सोळा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, मिळाल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर न्यायालयाचे नाव आणि पुढील तारीख दोन्ही दिसतात.